रिकामी कात्री

माझा अंगठा उडाला. उजव्या हाताचा. मी तो उडवला नव्हता, मला कुणी विचारलंही नव्हतं. डोक्याच्या डाव्या बाजूला टक् करून एक टिचकी बसली आणि मांडीवर उताणा पडलेल्या हाताचा अंगठा दचकून वर आला, पुन्हा पडला. हा हात कित्येक महिने नुसता खांद्याला अडकवलेला होता. झोपेत अंगाखाली गेला तर सकाळी शोधून काढावा लागायचा. आणि आता त्याचा अंगठा उडतो, तोही परक्याच्या सांगण्यावरून! "आला, आला!" मशीन धरून उभी असलेली मुलगी म्हणाली. तिनं आल्याआल्या आपलं नाव सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात ती चुंबकवाली म्हणूनच बसली. तिच्या हातातलं ते चुंबक म्हणजे जाड काळ्या प्लास्टिकच्या दोन कड्या एकमेकींना चिकटवलेल्या आणि मागे मनगटाएवढी वायर. पाहिल्याबरोबर मी मनात म्हटलं, ही तर कात्रीची मूठ, पाती कुठं गेली? "परत करते हं काका. हात सैल सोडा. तुम्ही काहीच करू नका." मी काय करणार होतो डोंबल! टक्. अंगठा उडाला. डॉक्टर पडद्यावरची रेघ बघून म्हणाले, रस्ता पूर्ण बंद झालेला नाही, पायवाट का होईना शिल्लक आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. आपण दाराबाहेर किल्ली चाचपत उभे आणि दार आतून दुसऱ्याच कुणी उघडलं, तसं वाटलं.

त्यातून ती खुर्ची. आमच्या दुकानातल्यासारखीच, मागे कलणारी, मानेला उशी असलेली. आयुष्यभर मी तसल्या खुर्चीच्या मागे उभा राहिलो. मी केस कापतो. कापायचो, म्हणा. माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पण मान दाखवा, लगेच ओळखतो. कुणाचा भोवरा डावीकडे फिरतो, कुणाच्या कानामागे जुनी खोक आहे, कुणाचं डोकं मागून चपटं आहे आणि ते झाकायला केस कुठं राखायचे, सगळं माझ्या बोटांना पाठ. हजारो डोकी मी दोन बोटांनी कलवली असतील. आणि या सगळ्या डोक्यांच्या आत काही चालत असेल, हा विचार मला कधी शिवला नाही, खरं सांगतो. डोकं म्हणजे केस उगवण्याची जागा. आता चुंबकवालीनं दोन बोटं माझ्या हनुवटीखाली घातली आणि डोकं जरासं कलवलं, तेव्हा मला एकदम गळ्याभोवती कापड नसल्याची जाणीव झाली. उघडंवाघडं वाटलं. तिचे स्वतःचे पुढचे केस तिनं घरीच कापलेले दिसत होते, एका बाजूला जास्त गेलेले. एरवी मी बोललो असतो.

लोकांना वाटतं कात्री दोन पात्यांनी चालते. कसली! खालचं पातं स्थिर ठेवायचं असतं. बोटं नुसती धरून राहतात, चालतो तो एकटा अंगठा. वस्तादांनी मला दुकानाच्या मागच्या बाजूला उभं करून खालचं पातं बेसिनच्या कडेवर टेकवायला लावलं होतं आणि म्हणाले होते, आता अंगठा चालव, पातं हललेलं मला दिसता कामा नये. अख्खी दुपार. माझा धाकटा भाऊ शेजारच्या पायरीवर बसून रिकाम्या बोटांनी माझी नक्कल करत होता, कारण त्याला अजून कात्री मिळाली नव्हती. अंगठा बसला तशी वस्तादांनी दुसरी गोष्ट शिकवली. दोन कापांच्या मध्ये कात्री थांबवायची नाही. हवेतच चालू ठेवायची, टकटक, टकटक, काहीही न कापता. बघणाऱ्याला ती ऐट वाटते. ऐट नाही ती. हाताची लय तुटत नाही, आणि त्या आवाजावर गिऱ्हाईक पेंगतं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक खुर्चीत झोपणं हा हाताचा मान. आणि रिकामी कात्री मध्येच थांबली, की गिऱ्हाईक डोळे उघडतं. मग ते कितीही गाढ असो.

हात गेला त्या दिवशीही तेच झालं होतं. पहिल्या खुर्चीत एक पेन्शनर, मानेवर दोन भोवरे असलेला, छान घोरत होता. बाहेर ऊन होतं. समोरच्या आरशात रस्त्यावरची माणसं उलट्या बाजूनं चाललेली दिसत होती. आणि पेन्शनरनं डोळे उघडले. मला वाटलं, याला काय झालं मध्येच? त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं कट आवडला नाही. मी विचारायला गेलो तर माझ्याच तोंडातून बोबडं काहीतरी सांडलं, आणि मग कात्री त्याच्या मांडीवर पडल्याचा आवाज आला. म्हणजे कात्री थांबल्याचं माझ्याआधी गिऱ्हाइकाला कळलं होतं. धाकटा फेसाचा ब्रश तसाच टाकून धावला आणि त्यानं मला काखेत हात घालून धरलं. पुढचं मला आठवत नाही, फक्त त्याच्या हाताला लागलेला फेस माझ्या शर्टाला लागला, तो गार होता. बोलणं आलं परत. पाय जरा फरफटत का होईना आला. हात तेवढा तिकडेच राहिला.

धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. दुकान आम्हा दोघांचं. पहिली खुर्ची माझी, दुसरी त्याची. गिऱ्हाइकं त्याला रेडिओ म्हणतात, कारण शटर वर गेलं की तो सुरू होतो आणि खाली येईपर्यंत बंद होत नाही. क्रिकेट, हवामान, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं, कुठल्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. माझी कात्री आणि त्याची टकळी, दोन्हींच्या आवाजात दुकान चालायचं. आणि आमच्यात एक रीत होती, कुणी घालून दिलेली नाही, आपोआप पडलेली. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून आम्ही एकमेकांचे केस कापायचो. आधी मी त्याचे, मग तो माझे. त्याच्या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नाही, माझ्याही नाही. मी आजारी पडल्यापासून माझे केस तो कापत होता. त्याचे मात्र वाढत चालले होते. आधी कानांवर आले, मग कॉलरवर. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, काय रे रेडिओ, कात्री विकलीस काय? तो म्हणायचा, "रांगेत आहे मी. आमच्या कारागिराला सवड नाही सध्या."

मला ते ऐकून बरं वाटायचं आणि मेल्याहून मेल्यासारखंही व्हायचं. कारण आजारी माणसाला जे जे लागतं ते धाकटा मागण्याआधीच हजर करायचा. मी कपाकडे नुसतं पाहिलं की कप माझ्या ओठाला. शर्टाची गुंडी दिसली की त्यानं लावलीच. बायको तर त्याच्याही पुढे. दोघांच्या मध्ये मी ओल्या टॉवेलसारखा पडलेला. आणि धाकट्याची टकळी चालूच, दादा तू काही काळजी करू नकोस, दादा मी आहे ना. आहेस रे बाबा, तू आहेस म्हणूनच मी नाही, असं एकदा माझ्या तोंडावर आलं होतं, गिळलं. या मशीनचं कळल्यावर तोच मला इथं घेऊन आला. वाटेत म्हणाला, "हा कोर्स होऊ दे, मग खुर्चीचं बघू." सहज म्हणाला. पण मला कळत होतं. एका कात्रीवर दोन घरं किती दिवस चालणार? कोर्स झाला आणि हात आला नाही, तर पहिल्या खुर्चीमागे कुणीतरी दुसरा कारागीर उभा राहणार. चूक कुणाचीच नसणार. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून पेपर चाळणार आणि येणारी-जाणारी माणसं मला काका, कसं काय, असं विचारणार. त्या वाक्यानं माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा धाकटा माझ्या शेजारीच होता. डॉक्टर भले माणूस, हातवारे करत बोलणारे. म्हणाले, मेंदूचे दोन भाग, आणि दोघं एकमेकांना आवरून धरतात. एकाला मार बसला की दुसरा, जो धडधाकट आहे, तो जास्तच जोरात येतो. दुखावलेल्याला तोंडच उघडू देत नाही. त्याचा हेतू वाईट नसतो, पण होतं असं. म्हणून आपण काय करणार, तर चांगल्या बाजूवर चुंबकाच्या हळूहळू टिचक्या मारून तिला थोडं शांत बसवणार. मग लगेच व्यायाम. गप्प बसलेल्याला बोलायला जरा फट मिळावी म्हणून. काहींना चांगला गुण येतो, काहींना येत नाही, मी खोटं सांगणार नाही. मी ऐकत होतो आणि माझ्या मनात आलं, अरेच्चा, हा तर आमचा धाकटा! माझ्या डोक्यात एक रेडिओ आहे आणि त्याच्या शेजारच्या खोलीत कुणीतरी तोंड उघडून वाट बघतंय, की हा कधी श्वास घेतो. मला हसू आलं. वळून पाहिलं तर धाकटा हसत नव्हता. त्यानं विचारलं, "म्हणजे चांगल्यानं गप्प बसायचं?" डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर, तेच तर." त्याला बरोबर उत्तर आल्याचं मला जरा कौतुकच वाटलं.

आत जाताना धातूचं सगळं काढून ठेवायचं असतं. मी घड्याळ काढलं, पट्टा काढला. चुंबकवालीनं माझ्या वरच्या खिशाकडे बोट केलं. कात्री. हात गेला तरी ती मी रोज खिशात घालत होतो, घराबाहेर पडताना चष्मा घालावा तशी. बायको वैतागायची, "अहो, कुठं टोचेल एखाद्या दिवशी." चुंबकवाली म्हणाली, "हे आत नाही चालायचं काका." मग ती मी धाकट्याकडे दिली. तो बाहेरच्या बाकावर कात्री दोन्ही हातांत धरून बसला आणि दार लागलं.

टक्. टक्. टक्. कानात कापसाचे बोळे असतात तरी आवाज आत येतोच, हाडांमधून येतो. या खेपेला उजव्या बाजूवर, चांगल्या बाजूवर, सावकाश, घड्याळाच्या काट्याएवढ्या सवडीनं. दुखत नाही, कपाळावर कुणी लाडानं बोटानं ठोकावं इतपत. आणि काय सांगू, मला झोप यायला लागली. माझी मलाच लाज वाटली. जे गिऱ्हाइकांचं व्हायचं तेच माझं झालं. आधी मी तिच्याशी काहीबाही बोलायचो, मग वाक्य मध्येच सुटायचं, मग मान उशीत रुतायची. कुणीतरी रिकामी कात्री चालवतंय आणि काही कापत नाहीये. मला दिसायचं, एक लांबच लांब खोली आहे, फरशी ओली, आणि खुर्च्यांच्या ओळीत माणसं पाठमोरी बसली आहेत. मानाच माना. मी एकेकाच्या मागून जातोय, सगळ्यांना ओळखतोय, हा दोन भोवऱ्यांचा, हा चपटा, हा शाळेतला मास्तर, हे आमचे वडील, कानामागे गोंदणाएवढा तीळ. कुणी वळून बघत नाही. सगळे झोपलेत, आणि त्यांना झोपवणारा आवाज माझ्या हातातून येत नाही, कुठून तरी वरून येतोय. खाली बघतो तर कापलेले केस घोट्यापर्यंत साचलेत, मऊ, कोमट, आणि मी त्यात पाय ओढत चाललोय. शेवटच्या खुर्चीत कोण आहे ते बघायला मी पुढे जातो. मान दिसत नाही. केस कॉलरवर आलेत. मग टकटक थांबायची आणि मी डोळे उघडायचो, अगदी गिऱ्हाइकासारखा. "झोपू नका ना काका," चुंबकवाली म्हणायची, "जागं राहायचं असतं." मी म्हणायचो, "तुझा हात चांगला आहे, त्याला मी काय करू?" तिला वाटायचं मी थट्टा करतोय.

मग व्यायाम. लाकडी खुंट्या एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात घालायच्या. कप उचलायचा, ठेवायचा. टॉवेल चुरगळायचा. मी घामाघूम व्हायचो आणि खुंटी टेबलावरून गडगडत जायची. बोटं मिटायची कशीबशी, पण उघडायची नाहीत. मिटलं ते मिटलं. माझा अंगठा त्या खुंटीला ओळखतच नव्हता, परक्या घरी जेवायला बसवलेल्या पोरासारखा मान खाली घालून बसायचा. परतताना धाकटा बाकावरून उठून कात्री माझ्या खिशात घालायचा. आणि काही बोलायचा नाही.

ते माझ्या उशिरा लक्षात आलं. आधी वाटलं थकला असेल. मग घरी एकदा चहा समोर आला आणि कप माझ्या ओठाला लागला नाही. धाकटा समोर बसलेला, हात मांडीखाली घेऊन. मी कपाकडे पाहिलं, त्यानं पाहिलं, आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी डाव्या हातानं कप ओढला तर त्यानं नुसती मान हलवली, नाही अशी, आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. चहा गार झाला. उजव्या हातानं उचलायला गेलो तर अर्धा शर्टावर. बायको आतून फडकं घेऊन धावली, "भावजी, बघत काय बसलाय! धरायचा ना कप!" भावजींनी तोंडाला कुलूप लावलेलं. उठला, चपला घातल्या, गेला. दुसऱ्या दिवशी गुंड्यांचं तेच. शर्ट अंगात चढवून दिला आणि मागे सरला. मी खालची गुंडी वरच्या काजात खुपसून दवाखान्यात गेलो, येड्यासारखा. सगळा रस्ता त्याच्या तोंडून चकार शब्द नाही. ज्यानं आयुष्यात श्वास घ्यायला सुद्धा बोलणं थांबवलं नाही, तो माणूस माझ्या शेजारून नुसता चालत होता. मला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, तो मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता.

बोलणं बंद झालं की माणूस काय काय ऐकतो! मी त्याच्या गप्प बसण्यात सगळं ऐकलं. हा कंटाळला. हात येणार नाही हे याला कळलंय, मला सांगवत नाही. यानं दुसरा कारागीर ठरवलाय. मी मुद्दाम दुकानात गेलो. शटर वर, दुसरी खुर्ची चालू, आणि रेडिओ बंद. तीन-चार माणसं बाकावर बसलेली, सगळी दबक्या आवाजात, कुणी गेल्यासारखं. आणि माझ्या खुर्चीवर पांढरं कापड टाकलेलं. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. कालपरवापर्यंत गर्दी झाली की गिऱ्हाइकं तिच्यावर टेकायची, पिशव्या ठेवायची. आज नाही. दोन भोवऱ्यांचा पेन्शनर बाकावर होता, तो म्हणाला, "अहो, भावाला कुणीतरी जोडीला घ्या. माणूस बोलायचा बंद झाला की हो." धाकट्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याचे केस आता पार खांद्याकडे निघाले होते, डोळे त्यातून कसेसेच दिसत होते. माझ्या डोळ्यांसमोर ती लांब खोली आली आणि शेवटची खुर्ची. मी वळलो आणि पाय ओढत घरी आलो.

घरी मी ओरडलो. बोलणं परत आल्यापासून पहिल्यांदा इतका मोठा आवाज निघाला. धाकटा रोजच्यासारखा मला न्यायला आला होता, दारात उभा. मी म्हटलं, "मी मेलो का तुझ्यासाठी? खुर्चीवर कापड घालून मोकळा झालास? ठेवायचा असेल माणूस तर ठेव की, मला सांगायला लाज वाटते? बोल ना! जगाशी बोलतोस, दगडाशी बोलशील, माझ्याशी बोलायला जीभ झडली?" त्याचं तोंड उघडलं. मी पाहिलं, शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. आणि त्या मूर्ख माणसानं ओठ घट्ट मिटले, हाताची घडी घातली आणि माझ्या चपला माझ्यासमोर सरळ करून ठेवल्या. बायको म्हणाली, "अहो, असं टाकून बोलू नका, भावजींना काहीतरी झालंय." मलाही आता तसंच वाटायला लागलं होतं, आणि त्याचीच भीती जास्त होती.

"तुमचे भाऊ अजून गप्पच का?" चुंबकवालीनं विचारलं. माझ्या डोक्यावर चढवलेल्या कापडी टोपीवर चुंबक कुठं टेकवायचं ती पेनाची खूण ती शोधत होती, मी खुर्चीत कललेला. मी म्हटलं, तुला गं कसं ठाऊक? ती हसायला लागली. "अहो, सुरुवातीला बाहेर गाठलं होतं त्यांनी मला. म्हणाले, ताई, चांगल्यानं गप्प बसायचं ते फक्त मशीन चालू असताना, की दिवसभर? मी म्हटलं, कोण चांगला? म्हणाले, मी. दादाला मार बसला, मी धडधाकट, मीच त्याला तोंड उघडू देत नाही. हातही लावायचा नाही ना मदतीला? मला वाटलं गंमत करतायत, मी पण म्हटलं, हो हो, दिवसभर बसा, घरी सुद्धा. ते तर काका, खरंच..." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू ओसरलं. "मी जाऊन सांगू का त्यांना? अय्या, माझी चूक झाली." मी डोळ्यांनीच दाराकडे पाहिलं. बंद दारापलीकडे बाकावर तो बसला असणार, दोन्ही हातांत माझी कात्री धरून, जीभ दातांखाली दाबून. दुकानात गिऱ्हाइकं तुटतायत, वहिनी रागावतेय, माझ्या खुर्चीवर कुणी टेकू नये म्हणून कापड घातलंय, भाऊ तोंडावर शिव्या घालतोय, आणि हा गप्प. उगाच बोललो तर दादाचा हात अडेल, म्हणून. मला रडू आलं, आणि त्याच्या पोटात हसूही, दोन्ही एकदम, डोकं हलवायची बंदी असताना. "सांगू नकोस," मी म्हणालो. "राहू दे तसंच. जरा मजा बघू." पण मजेसाठी म्हणालो नव्हतो. टक्, टक् सुरू झालं आणि पहिल्यांदाच मला झोप आली नाही. मी ऐकत पडलो. माझ्या डोक्यातला रेडिओ हळूहळू लहान होत गेला, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला मी मनात म्हटलं, आता तरी बोल रे, तुझ्यासाठी एवढी माणसं गप्प बसलीत.

चमत्कार वगैरे झाला नाही. खुंट्या पडतच राहिल्या, पण पडायच्या आधी क्षणभर थांबायला लागल्या. कप ओठापर्यंत येऊ लागला, निम्मा का होईना. आणि एकदा जेवून उठल्यावर मी खिशातली कात्री काढली, डाव्या हातानं उजव्याच्या बोटांत अडकवली, खालचं पातं बेसिनच्या कडेवर टेकवलं आणि उभा राहिलो. मिटली. कात्री मिटली. उघडेना. मी वाट बघितली. नळातून एक थेंब पडला, मग दुसरा. अंगठा काय करायचं ते विसरलेला नव्हता, त्याला फक्त कुणीतरी मध्ये बोलेल याची सवय झाली होती. कुणी बोललं नाही. अंगठा वर आला. मीच आणला. मशीन नव्हतं तिथं, चुंबकवाली नव्हती, कुणी नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो, तेव्हा बायको धावत आली, तिला वाटलं मी पडलो.

सुट्टीच्या दिवशी मी धाकट्याला म्हटलं, "चल." शटर अर्धं ओढलं. खालच्या फटीतून रस्त्यावरची पावलं दिसत होती. पहिल्या खुर्चीवरचं कापड मी डाव्या हातानं ओढलं आणि तेच झटकून म्हटलं, बस. तो बसला. इतका भारावून बसला की मला हसू आलं. कापड मी त्याच्या गळ्याभोवती घातलं, गाठ काही मला मारता येईना, तशीच गुंडाळून खोचली. त्याचे दोन्ही हात कापडाखाली गेले, मदत करायची तर आता सोयच उरली नाही. इतके केस! मी डाव्या हातानं ते ओले केले, विंचरले, आणि मान सापडली. माझी ओळखीची मान, उजवीकडे फिरणारा भोवरा, लहानपणी पायरीवरून पडला होता ती खोक. उजवं कोपर मी खुर्चीच्या पाठीला टेकवलं. "बोललास तरी चालेल," मी म्हणालो. त्यानं जोरात मान हलवली, नाही. "हलू नकोस," मी म्हटलं. सवयीनं तोंडून गेलं. आरशात तो माझ्या हाताकडे बघत होता, डोळे एवढे मोठे करून, आणि कापडाखाली त्याची बोटं हलत होती. दिसत होतं मला, अंगठा वर, अंगठा खाली, पायरीवर बसून करायचा तशी नक्कल.

कात्री मिटली. उघडायला वेळ लागला. मग पुन्हा मिटली. टक्. टक्. पूर्वीच्या टकटकीसारखी नाही, मशीनच्या चालीनं, सावकाश, घड्याळाच्या काट्याएवढी. केसांना लावायची माझी हिंमत होईना, म्हणून ती मी हवेतच चालवत राहिलो, मानेपासून जराशी दूर. लय तरी बसू दे आधी. खालचं पातं थरथरत होतं, वस्तादांनी पाहिलं असतं तर मला पुन्हा बेसिनपाशी उभं केलं असतं. चालायचंच. टक्. टक्. शटरखालून एक पाय गेला, मग चाकं, मग ऊन सरकत आत आलं. आरशात पाहिलं तर धाकट्याचे डोळे बारीक झाले होते. मग मिटले. मान जरा पुढे कलली आणि त्याच्या नाकातून तो ओळखीचा आवाज यायला लागला. किती दिवसांचं जागरण असेल त्याचं, जीभ धरून ठेवणं ही काय सोपी गोष्ट आहे? मी अजून त्याचा एक केसही कापला नव्हता. मनगट दुखायला लागलं होतं, घाम डोळ्यांत उतरत होता. डॉक्टर बोलले ते तुला नव्हतं रे बाबा, आता सुरू कर तुझा रेडिओ, मला करमत नाही, हे सगळं मला त्याला सांगायचं होतं, तो उठला की लगेच. पण कात्री थांबली की गिऱ्हाईक डोळे उघडतं. म्हणून मी थांबलो नाही.